पळपुट्याचा पत्ता

४ फेब्रुवारी

चिरंजीव बारके,

मामाचे भरघोस आशीर्वाद. मामीचेही आहेत, पण सध्या जरा आखडते. तू पाठवलेला मायक्रोस्कोप तिच्या इस्त्रीच्या टेबलावर बसलाय आणि इस्त्रीला खुर्चीवर यावं लागलंय. पोचल्याचं कळवायला फोन करणार होतो, पण फोनवर तू बोलतेस ते मला कळत नाही आणि मी बोलतो ते सगळ्या गल्लीला कळतं. तेव्हा पत्रच बरं.

तुमच्या पाणी तपासायच्या प्रयोगशाळेने ही चीज मोडीत काढली, त्या लोकांना काय म्हणावं? एक स्क्रू ढिला होता, बाकी ठणठणीत. शिवाय एका डोळ्याने पाहायचं यंत्र, म्हणजे माझ्यासाठीच घडवलेलं. घड्याळांच्या दुकानात चाळीस वर्षं मी उजव्या डोळ्याला भिंग लावून बसलो. तुझ्या मामीचा संसार, तुझ्या आईचं लग्न, सगळं या उजव्या डोळ्याने केलं. डावा नुसता सोबतीला होता. दुकान बंद केल्यापासून दोन्ही डोळे सारखेच बेकार झाले होते आणि मी दिवसभर मामीच्या मागे मागे फिरून तिला स्वयंपाक शिकवत होतो. तू कुणाचा जीव वाचवलास हे तुझं तूच ठरव.

पहिल्याच दिवशी फुलदाणीतलं पाणी घेतलं. मामी फुलं बदलते, पाणी बदलायला विसरते, त्यामुळे आत मोठी वस्ती आहे. (हे वाक्य तिला कळवू नकोस.) एक जण शेपटी रोवून बसतो आणि तोंडापाशी दोन चाकं गरागरा फिरवतो. बारके, दात असलेली चाकं! मी जन्मभर लोकांच्या घड्याळांना किल्ली दिली, याला कोण देतं? दुसरा चपलेच्या आकाराचा, तो ज्याला त्याला धडकत जातो आणि माफी मागत नाही. तिसरी एक घंटा आहे, लांब देठावर. टेबलाला बोट लागलं की देठाची स्प्रिंग होऊन ती खटकन खाली बसते. मी तिला दुपारभर छळलं, मग मलाच वाईट वाटलं.

पण मुद्द्याचं पुढेच आहे. या सगळ्यांत एक निराळाच प्राणी आहे. पारदर्शक, वाकडातिकडा, घड्याळातल्या तुटलेल्या, केसाएवढ्या हेअरस्प्रिंगसारखा, एका टोकाला गाठ. त्याच्याकडे सरळ पाहिलं की तो बाजूला सटकतो. आपण पाहत नाही असं दाखवलं की हळूहळू खाली उतरतो. त्याला माझी नजर कळते! मी त्याचं नाव पळपुट्या ठेवलंय. तुमच्या पुस्तकांत त्याला काय म्हणतात ते ताबडतोब कळव.

तुझा,
मामा

११ फेब्रुवारी

प्रिय मामा,

नमस्कार. मामीला दोन नमस्कार, तिला जास्त गरज आहे.

चाकंवाला ओळखला. त्याची चाकं खरी फिरत नाहीत. तोंडाभोवती बारीक केसांच्या दोन झालरी असतात, त्या एकामागून एक हलतात म्हणून चाक फिरल्यासारखं दिसतं. त्यातून तो पाणी ओढतो आणि जेवतो. तेव्हा किल्ली वगैरे काही नाही, नुसती भूक. चपलेला आमच्याकडेही चप्पलच म्हणतात. घंटेला छळू नका.

पळपुट्या मात्र कुठल्याच पुस्तकात नाही. मी डबा खाताना तुमचं पत्र मोठ्याने वाचलं तर सगळे हसायला लागले. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या साहेब, आल्या तेव्हा मी पत्र पोळीखाली सरकवलं. मी अजून कायम झालेली नाही, मामा. जूनमध्ये माझं ठरणार आहे. बाई चष्म्यावरून नुसत्या बघतात तरी मी तीच नळी तीनदा धुते.

तुमचा पळपुट्या बहुधा कापसाचा तंतू असेल, नाहीतर मामीचा केस. एक करा. काचपट्टी उकळत्या पाण्याने धुवा, कोरडी करा आणि काहीही न ठेवता पाहा. दिसला नाही तर तो पाण्यातला. दिसला तर काय ते बघू.

तुमची,
बारकी

१९ फेब्रुवारी

चिरंजीव बारके,

मामीचा केस म्हणालीस, ते मामीने वाचलं. यापुढे पत्रं मी आधी वाचेन.

तुझा प्रयोग केला. ऐक आणि खुर्ची धरून बस. पळपुट्या फुलदाणीच्या पाण्यात आहे. पिण्याच्या पाण्यात आहे. उकळलेल्या पाण्यात आहे. चहात आहे, बिनसाखरेच्या चहात तर जास्त स्पष्ट दिसतो. आणि तू सांगितलंस तशी धुतलेली, कोरडी, रिकामी काचपट्टी ठेवली, तर तिच्यावर तो आरामात उतरत होता! या प्राण्याला पाणी लागत नाही, हवा लागत नाही, उकळल्याने तो मरत नाही. असला चिवट जीव मी फक्त एकदाच पाहिलाय, आमच्या दुकानाचे घरमालक.

वरच्या मजल्यावरच्या गुरुजींना बोलावलं. शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस, आधी चष्मा लावून पाहिलं, मग काढून पाहिलं, आणि म्हणाले, "काही नाही बुवा इथे." मी म्हटलं, गुरुजी, नजर लागते. माझ्या डाव्या डोळ्यालासुद्धा तो दिसत नाही, कारण डावा डोळा शिकलेला नाही. उजव्याने मात्र हुकमी दिसतो. गुरुजी रागावून गेले.

मग कोपऱ्यावरचा टेलर आला. आयुष्यभर सुईत दोरा ओवणारा माणूस. डोळा लावला आणि ओरडलाच, "दिसला! पण हा स्प्रिंगसारखा नाही, तीन ठिपके आहेत, एकामागे एक, बटणं लावल्यासारखे." म्हणजे दोन जाती झाल्या! तीन ठिपकेवाला टेलरच्या नावाने नोंदवायचं ठरलंय. माझ्या पळपुट्याला मी तुझं नाव देणार आहे. पुढच्या रविवारी वाचनालयात माझं भाषण आहे, विषय "आपल्यातले अदृश्य रहिवासी". गुरुजींना पहिल्या रांगेत बसवणार.

तुझा,
मामा

(याच पाकिटात घडी घातलेली चिठ्ठी)

बारके, हे बाहेर तिकीट चिकटवायला गोंद शोधतायत तेवढ्यात लिहिते. मला टेबल पुसायला बंदी आहे, पळपुट्या घाबरेल म्हणून. काल यांनी माझ्या कपात चहा ओतला, तो कपाशेजारी ओतला. विचारलं तर म्हणतात विचारात होतो. विचारात असणं यांना कधीपासून जमायला लागलं? जरा लक्ष दे. मामी.

२५ फेब्रुवारी

प्रिय मामा,

मी हसले होते, त्याबद्दल कान धरते. मला दिसला!

काल नळाच्या पाण्याचे नमुने तपासत होते. नियमाप्रमाणे आधी कोरी काचपट्टी पाहिली. तुमचं पत्र डोक्यात होतं म्हणून जरा जास्त वेळ पाहिली. तर वरून हळूच एक उतरला. साधा, सरळ, शेपटीला किंचित वळलेला. मी पाहिलं की पळाला! मग मी एकेक नमुना घेतला. उत्तरेकडच्या टाकीत आहे, दक्षिणेकडच्या टाकीत आहे, दवाखान्याच्या नळात आहे. सगळं शहर हे पाणी पितंय.

मी अहवालात "अनोळखी सजीव, सर्व नमुन्यांत" असं लिहिलंय. उद्या मोठ्या बाईंना देणार. बाई पाणी बंद करायला लावतील असं वाटतं. मी इथे नवी आहे, पण मामा, जे दिसलं ते दिसलं, तुम्हीच शिकवलंत. भाषणात माझं नाव घ्यायला हरकत नाही.

मामी, तू सध्या पाणी उकळून पी. म्हणजे त्याने काही होत नाही, पण पी.

तुमची,
बारकी

१ मार्च

चिरंजीव बारके,

शाबास! मामावर गेलीस. तुझं पत्र मी भाषणात तीनदा वाचलं, तिसऱ्यांदा गुरुजींकडे बघून.

सभा जोरदार झाली. लोकांनी रांग लावून मायक्रोस्कोपमध्ये पाहिलं. निम्म्यांना पळपुट्या दिसला, आणि प्रत्येकाचा वेगळा! कुणाचा साखळीसारखा, कुणाचा जाळीसारखा. पोस्टातल्या बाईंचा तर असा नाचरा होता की त्या डोळा काढेनात. शेवटी मागच्या माणसाने त्यांना हलवलं. गुरुजींनी उभं राहून विचारलं, "दोन माणसांना एकच प्राणी सारखा का दिसत नाही?" मी म्हटलं, गुरुजी, दोन माणसांना एकच बायको तरी सारखी दिसते का? टाळ्या पडल्या. मामीने मात्र वाजवल्या नाहीत.

आता खरी बातमी. पळपुट्याला पिलं झाली! परवा सकाळी उठलो तर एकदम शेकडो. काळी, बारीक, कुणी काजळी उडवावी तशी. आता मायक्रोस्कोपचीही गरज नाही, ती भिंतीवर दिसतात, छतावर दिसतात, मामीच्या तोंडावरही दिसतात. आणि ती उजेड पाडतात, बारके! डोळा वळवला की कडेला लख्खकन वीज चमकते. अंधारात तर जास्तच. असला चमकणारा जीव जगात कुणी पाहिला नसेल. येत्या रविवारी दिवे मालवून लोकांना तो उजेड दाखवणार आहे.

एकच अडचण आहे. कालपासून उजवीकडे खालच्या कोपऱ्यात एक राखाडी पडदा आलाय. भिंग पुसलं, काच पुसली, जात नाही. आज दुपारपासून जरा वर चढलाय. दाराची चौकट दोनदा खांद्याला लागली. मामीला बोलू नकोस, ती मायक्रोस्कोप उचलून माळ्यावर टाकील.

तुझा विजयी,
मामा

३ मार्च

मामा,

हे पत्र तुम्हाला मिळेल तेव्हा तुम्ही दवाखान्यात असाल अशी आशा करते. तुमचं पत्र आत्ता दुपारी आलं आणि मी पोस्टावर भरवसा न ठेवता थेट गुरुजींना फोन केला. त्यांचे कान चांगले आहेत. ते तुम्हाला घेऊन जातील. त्यांच्याशी वाद घालू नका. तरी लिहिते, कारण हात स्वस्थ बसत नाहीत.

आधी माझी फजिती ऐका. मी अहवाल दिला. मोठ्या बाईंनी माझ्या मायक्रोस्कोपमध्ये पाहिलं. मग मला खिडकीशी नेलं. "वर बघ. आकाशाकडे." मी पाहिलं. "दिसतो?" मामा, दिसला. स्वच्छ निळ्या आकाशात, शेपटीला वळलेला, हळूहळू उतरत होता. बाई म्हणाल्या, "मग आता आकाशाचाही नमुना आण." सगळी प्रयोगशाळा बाकांखाली लोळली.

पळपुट्या पाण्यात नाही. तो आपल्या डोळ्यात आहे. बुबुळामागे घट्ट पाण्यासारखं काहीतरी भरलेलं असतं, त्यात वय होतं तसे धागे सुटतात, गाठी होतात. त्यांची सावली डोळ्याच्या मागच्या पडद्यावर पडते. पांढऱ्या उजेडात ती दिसते. डोळा वळवला की तीही वळते, म्हणून पळाल्यासारखी वाटते. म्हणून कोऱ्या काचेवर दिसला, म्हणून उकळून मेला नाही, म्हणून डाव्या डोळ्याला दिसला नाही. गुरुजींचा प्रश्न बरोबर होता. मामा, तो जिवंत नाहीच. आपल्या दोघांना कसं सुचलं नाही?

इथपर्यंत हसले. पण तुमचं आजचं पत्र मी बाईंना दाखवलं आणि त्या हसल्या नाहीत. एकदम उडालेली काजळी, कडेला वीज, वर चढणारा पडदा. त्या म्हणाल्या, मागचा पडदा सुटत चालला असेल, आजच डॉक्टर गाठला नाही तर डोळा जाईल. ती पिलं नाहीत, मामा. मला भीती वाटते. ज्या डोळ्याने तुम्ही मला लहानपणी घड्याळाच्या पोटातलं दाखवलंत तोच डोळा आहे तो. मायक्रोस्कोप मीच पाठवला. जा ना हो लवकर.

तुमची,
बारकी

५ मार्च

प्रिय बारके,

मी मामी. पहिल्यांदा हे सांगते की वेळेवर गेलो.

तू फोन ठेवलास आणि गुरुजी बनियनवर धावत खाली आले. हे ऐकेनात. म्हणाले, "गुरुजींचा डाव आहे, रविवारचं भाषण उधळायचं त्यांना." गुरुजी बिचारे नुसते हात जोडून उभे राहिले. मी रडले, ओरडले, काही उपयोग नाही. मग मला सुचलं. म्हटलं, "अहो, डोळ्यांच्या दवाखान्यात याच्या चौपट मोठा मायक्रोस्कोप आहे म्हणे." हे उठले, खिशात फुलदाणीच्या पाण्याची बाटली टाकली आणि आमच्या आधी रिक्षात जाऊन बसले.

डॉक्टर पोरगेलीशी आहे, पण हात कसा स्थिर! तिने यांची हनुवटी यंत्रावर टेकवली आणि डोळ्यात पाहिलं. किती वेळ पाहत होती. यांना राहवेना. म्हणाले, "दिसला का?" ती म्हणाली, "दिसला. गाठ आहे एका टोकाला." बारके, यांनी माझा हात असा दाबला! म्हणाले, "बघ. गुरुजींना सांग." पडदा फाटून सुटत चाललाय म्हणून तिने पुढे काय काय सांगितलं, पण यांचं लक्षच नव्हतं. एका शिकलेल्या माणसाला त्यांचा पळपुट्या दिसला होता.

काल सकाळी शस्त्रक्रिया झाली. डोळा राहील म्हणते. किती दिसेल ते पुढे कळेल. आत वायूचा बुडबुडा सोडलाय, तो पडद्याला जागेवर दाबून धरतो. त्यासाठी यांनी मान खाली घालून बसायचं. लग्नाला इतकी वर्षं झाली, यांना मान खाली घालून बसलेलं मी पहिल्यांदा पाहतेय.

रात्री मात्र हळूच म्हणाले, "आंधळा झालो तर तुला कोण दाखवणार गं, ती चाकं?" मी एकदाही पाहिली नव्हती. यंत्र तू पाठवलंस म्हणून मला तुझा राग नाही. मायक्रोस्कोप माळ्यावर टाकलेला नाही.

तुझी,
मामी

१८ मार्च

चिरंजीव बारके,

मी सांगतोय, मामी लिहितेय. मी जमिनीकडे तोंड करून बसलो आहे आणि फरशीचा मोठा जाणकार झालो आहे. (इतकी वर्षं फरशी कोण पुसतं हे आत्ता कळलं यांना.)

तुझं पत्र गुरुजींनी वाचून दाखवलं. दोन दिवस मी चहाला शिवलो नाही. (दोन तास.) जो प्राणी सगळ्या जगात शोधला तो माझ्याच डोळ्यात, आणि प्राणीसुद्धा नाही! टेलरला सांगितलं तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आता तीन ठिपके आणखी हलले असतील. रविवारच्या सभेत गुरुजींनी सगळ्यांना खरं काय ते समजावलं आणि माझी बाजू मांडली. म्हणाले, चूक पहिल्या दर्जाची होती. पोस्टातल्या बाई डोळे तपासून आल्या, त्यांचे ठीक आहेत.

सध्या उजव्या डोळ्यात एक मोठा, गोल, डुचमळणारा प्राणी आहे. (बुडबुडा आहे. डॉक्टरने दहा वेळा सांगितलं.) तो रोज लहान होतो. त्याच्या कडेवरून अंधुक उजेड येतो. काल मी त्यातून मामीची साडी ओळखली, हिरवी. (निळी होती. पण मी हो म्हटलं.)

फुलदाणीची वस्ती अजून आहे. मी पाहू शकत नाही म्हणून मामी पाहते आणि मला सांगते. तिचं निरीक्षण फार ढोबळ आहे. (काल सांगितलं ते लिहिते. एक फिरतोय, एक धडकतोय, एक नुसता बसून खातोय. म्हटलं, शेवटच्याला मी ओळखते.) चाकांपाशी मात्र ती थांबते. काल किती तरी वेळ डोळा काढेना. मी विचारलं, काय गं? म्हणाली, "थांबा, जेवतोय तो." (लिहिलं ते खरं आहे.)

तुझ्या नोकरीचं काय ते कळव. माझ्यामुळे गेली तर मी मोठ्या बाईंना पत्र लिहीन. (मी लिहू देणार नाही.)

तुझे,
मामा आणि मधे मधे मामी

२७ मार्च

प्रिय मामा आणि मामी,

नोकरी आहे. बाईंनी अहवाल फाडला नाही, भिंतीवर चिकटवला. खाली लिहिलं, "कोरी काच आधी पाहिली, हे योग्य. पाहणारी कोरी होती का, हे पाहिलं नाही." जूनमध्ये कायम करणार आहेत. नव्या मुलांना हा कागद दाखवायला मी इथेच लागेन, म्हणाल्या.

मामा, डोळा कसा आहे ते स्वतःच्या हाताने लिहा. मला तुमचं अक्षर पाहायचंय. वेडंवाकडं आलं तरी चालेल.

तुमची,
बारकी

२ मे

चिरंजीव बारके,

हे माझं अक्षर. ओळी चढावर निघाल्यात, त्याला इलाज नाही.

बुडबुडा गेला. उजव्या डोळ्याला दार दिसतं, माणूस दिसतो, माणूस हसतोय की नाही हे अजून दिसत नाही. डॉक्टर म्हणते, सुधारेल, पण भिंग लावण्याइतकं नाही. मी म्हटलं, ठीक आहे. ठीक नव्हतं. घरी येऊन जुनं भिंग पुसून पेटीत ठेवलं आणि पेटी मामीकडे दिली. तिने ती कपाटात ठेवली नाही, इस्त्रीच्या टेबलावर मायक्रोस्कोपशेजारी ठेवली.

आणखी एक. शस्त्रक्रियेत डॉक्टरने डोळ्यातलं ते घट्ट पाणी काढून टाकलं, त्याबरोबर पळपुट्याही गेला. पांढऱ्या भिंतीकडे उजव्या डोळ्याने पाहिलं तर नुसती भिंत. जिवंत नव्हता हे मला कळतं गं. तरी करमेना.

मग नाइलाजाने डावा डोळा मायक्रोस्कोपला लावला. जन्मभर त्याला कुणी काही शिकवलं नाही, आठवडाभर त्याला काचेची कडासुद्धा सापडेना. मामी शेजारी बसून "डावीकडे, आणखी, अहो माझी डावी नव्हे" करत होती. परवा सापडला. चाकंवाला, शेपटी रोवून, गरागरा. जेवत होता. मी मामीला म्हटलं, हा बघ. ती म्हणाली, "मला काय दाखवता, मीच ठेवलाय तो तिथे."

आणि त्याच्या वरून काहीतरी हळूच उतरलं. बारीक, किंचित वाकलेलं. मी पाहिलं की सटकलं. डाव्यातही एक आहे, बारके! इतकी वर्षं होता, मीच त्या डोळ्याने कधी नीट बघितलं नाही. मी ओरडलो, मामी धावत आली. म्हटलं, तूही बघ कधीतरी पांढऱ्या भिंतीकडे. ती म्हणाली, "दोन आहेत माझे. फ्रॉक घालायचे तेव्हापासून." मी म्हटलं, मग एवढ्या दिवसांत बोलली का नाहीस? तर म्हणते, "सगळ्यांना असतील असं वाटायचं. त्यात सांगायचं काय? आणि तुम्ही इतके खूश होतात."

संध्याकाळी आम्ही गॅलरीत बसलो. आकाश अगदी स्वच्छ होतं. मी विचारलं, तुझे कुठे आहेत आता? म्हणाली, "उजवीकडे, खाली." म्हटलं, माझाही तिकडेच आहे. मग आम्ही दोघांनी एकदम तिकडे पाहिलं आणि दोघांचेही पळाले.

जूनमध्ये कायम झालीस की ये. दोन्ही डोळ्यांनी वाट पाहतोय, त्यातला एक नवशिका आहे.

तुझा,
मामा